गाऊ न शकणाऱ्यांची साथ

पेटीचा सूर आपोआप विझत नाही. तंबोऱ्याची तार छेडली की झंकार उमटल्या क्षणापासून ओसरायला लागतो, पियानोच्या तारेवर हातोडी पडली तरी तेच. पेटीत मात्र पट्टी दाबलेली आणि भाता हलता असेल तोवर सूर राहतो. तो थांबवायचा तर वाजवणाऱ्यानं बोट उचललं पाहिजे, नाहीतर डाव्या हाताचा वारा तरी थांबवला पाहिजे. गायकाच्या मागं वाजवताना हे जाणवत नाही, कारण गायकाचा दम संपला की पेटीही त्याच्याबरोबर खाली बसते. पण पुढं गायकच नसेल, समोर गावातली माणसं मान खाली घालून बसलेली असतील आणि त्यांतल्या कुणाच्याच गळ्यातून आवाज निघत नसेल, तेव्हा सूर किती वेळ धरायचा आणि केव्हा सोडायचा हे एकट्या पेटीवाल्याला ठरवावं लागतं. सगळ्या गावाच्या दुःखात संगीताचं काम काय, याचा विचार करताना मी दरवेळी याच ठिकाणी येऊन थांबतो.

लातूर-नांदेडकडच्या माणसाला असा प्रसंग परका नाही. गावात मैत झाली की रात्र जागवायला भजनी मंडळ येतं. वारकरी घरात टाळ, मृदंग आणि पेटी. लिंगायत घरात शिवभजन, त्यात मन्मथ स्वामींचे अभंग. दहाव्याला, तेराव्याला पुन्हा भजन. पेटी बहुधा देवळाची असते, एका कुणाची नसते. भात्याच्या घड्यांवर कापडाची ठिगळं, दोन-चार पट्ट्यांचा वरचा पांढरा पापुद्रा उडालेला, एखादा सूर पावसाळ्यात अडकणारा. नांदेडला गोदाकाठच्या सचखंड हुजूर साहिबात पहाटेच्या कीर्तनाला रागींच्या पुढ्यात हीच पेटी असते, तिला ते वाजा म्हणतात. कंधारच्या दर्ग्यात उरुसाच्या कव्वालीलाही ती लागतेच. इतक्या वेगवेगळ्या श्रद्धांच्या माणसांनी आपलं मानलेलं दुसरं सुरांचं वाद्य आमच्या भागात मला तरी दिसत नाही.

आणि तरी ते मूळचं इथलं नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये ते घडलं, तेव्हा त्याचा भाता पायानं चालायचा. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी त्याला खाली बसून, एका हातानं भाता मारत वाजवता येईल असं रूप दिलं. आपल्या बैठकीत ते बसलं, पण जाणकारांच्या मनात बसायला फार वेळ गेला. १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं पेटीला दार बंद केलं, ते पुन्हा उघडायला १९७१ उजाडलं. रवींद्रनाथांनाही पेटी नको असायची. आक्षेप खोटा नव्हता. पेटीला मींड नाही. दोन सुरांच्या मधली जागा तिच्याकडं नाही. आणि तिचे सूर कारखान्यात समान अंतरावर कापलेले, त्यामुळं तिचा गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधाराशी तंतोतंत जुळत नाही.

दुःखाच्या बाबतीत हा आक्षेप आणखी खोल जातो. आमच्याकडं माहेरवाशीण बापाच्या मातीला येते, वेशीपासूनच तिचा सूर लागतो. अंगणात आल्यावर ती आईच्या गळ्यात पडते आणि रडता रडता बोलते: कुणी काय केलं, बाप कसा होता, आता कुणाच्या घरी यायचं. त्या रडण्याला चाल असते. ती कुणी शिकवलेली नसते आणि शब्द जागच्या जागी सुचतात. वरच्या एका सुरावरून घसरत, मध्ये थरथरत, खाली येऊन श्वास घ्यायचा आणि पुन्हा वर जायचं. शोकाचं उत्स्फूर्त एकल गायन म्हणून मला याहून जुनं आणि याहून पुरं काही ठाऊक नाही, आणि ते सगळंच्या सगळं मींडेत आहे. पेटीला त्यातली एकही घसरण घेता येत नाही.

मग पेटी शोक कशी करते? उत्तर डाव्या हातात आहे. पेटीची पट्टी हळू दाबा की जोरात, आवाजात फरक पडत नाही. आवाज लहान-मोठा करणं, थरथरवणं, अर्ध्यावर सोडून देणं, हे सगळं भात्याचं काम. चांगला वाजवणारा उजव्या हाताच्या कणस्वरांनी मींडेचा भास उभा करतो हे खरं, पण ती करामत झाली. खरं बोलणं वाऱ्यात असतं. भास्करबुवा बखल्यांच्या मागं बसणारे गोविंदराव टेंबे, जालन्यासारख्या आमच्या मराठवाड्यातल्या गावातून आलेले आप्पा जळगावकर, ही साथीतली मोठी माणसं. साथ म्हणजे काय, तर समोरच्याचा श्वास आधी ओळखायचा आणि मग बोट ठेवायचं. टेंबे एकटेही वाजवत, आणि मनोहर चिमोट्यांनी तर एकल वादनासाठी पेटीला संवादिनी या नावानं उभं केलं. पण पेटीनं आपला बहुतेक काळ दुसऱ्याच्या श्वासामागं चालण्यात घालवला आहे. मला ही तिची कमी वाटत नाही. सगळं गाव दुःखात असतं तेव्हा हीच सवय उपयोगी येते.

२९ सप्टेंबर १९९३ ला गणपती बोळवले गेले. लोक उशिरा झोपले. ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर भागात जमीन हलली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा मिळून ५२ गावं पार झोपली. मेलेल्यांचा आकडा कुणाची नोंद धरता त्यावर आठ हजारांच्या आतबाहेर ते दहा हजारांच्या जवळपास असा बदलतो. भूकंप रिश्टर मापावर सहाच्या थोडा वर होता. जगात याहून मोठे भूकंप झाले आणि त्यांत याहून कमी माणसं गेली. इथं मारलं ते घरांनी. दगड-मातीच्या रुंद भिंती, त्यांवर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचा जाड थर दिलेलं माळवद. उन्हाळ्यात गार राहणारं, बापजाद्यांनी बांधलेलं, कौतुकाचं घर. ते झोपलेल्या माणसांवर बसलं.

त्या गावांमधून देवळागणिक एक तरी पेटी असणारच. दहा दिवस आरतीला वाजून ती त्या रात्री कोनाड्यात किंवा पुजाऱ्याच्या घरी गेली असणार. तिचं पुढं काय झालं याची नोंद कुठं असायचं कारण नाही. पंचनाम्यात माणसं येतात, जनावरं येतात, धान्य येतं.

नंतरच्या दिवसांत बोलणं फार झालं. मंत्री बोलले, वर्तमानपत्रं बोलली, मदत घेऊन आलेली माणसं बोलली. यातलं पुष्कळसं गरजेचंच होतं. पत्र्याची शेडं, मग नवी गावठाणं, रुंद सरळ रस्ते, सिमेंटची घरं. जुन्या गावात जी गल्ली एका दारातून दुसऱ्या दारात जात होती ती नव्या आराखड्यात चार दिशांना पांगली. आकडे, याद्या, मदतीचे धनादेश, घरांचे क्रमांक. यात गेलेल्या माणसाचं नाव दरवेळी कशाच्या तरी कारणासाठी उच्चारलं जायचं. कारणाशिवाय ते घ्यायला जागा उरली नव्हती.

मला पेटी शिकवणारे बुवा औसा तालुक्यातले. भूकंपानंतर लेकाकडं म्हणून लातूरला आले आणि इथंच राहिले. त्यांचं नाव कुठं छापून आलेलं नाही आणि त्यांना ते नकोही होतं. मी त्यांच्याकडं जाऊ लागलो तेव्हा शाळेत होतो. अलंकार, तीनताल, दोन भजनं, एक भूप, असा त्यांचा रिवाज. शेडमधल्या त्या महिन्यांविषयी ते पहिली काही वर्षं बोललेच नाहीत. मग एका संध्याकाळी, वीज गेलेली असताना, आपणहून सांगायला लागले.

त्यांचं म्हणणं असं. भजन एकट्याचं नसतं. अभंगाचं पहिलं चरण एकानं म्हणायचं, ते मंडळानं उचलायचं, मृदंगानं ठेका बदलायचा, टाळांनी लय वाढवायची. पुढं म्हणणारा आणि मागून धरणारे अशी त्याची घडणच आहे. शेडमध्ये पहिल्यांदा भजनाला बसले तेव्हा बुवांनी सवयीनं अभंगाचं तोंड वाजवलं आणि थांबले. पुढचं उचलणारे नव्हते. मृदंगवाला गेलेला, दोन टाळकरी गेलेले, आणि जो पहाडी आवाजाचा म्हणणारा होता तो समोरच बसलेला, पण त्याच्या घरातलं कुणी राहिलं नव्हतं. ‘चाल लावली असती तर ती मोकळीच लोंबकळली असती,’ बुवा म्हणाले. मग त्यांनी चाल सोडली. ताल सोडला. नुसता षड्ज धरला, वारा बारीक ठेवला, आणि समोरचे जसे श्वास घेत होते तसतसं एकेक सूर पुढं सरकत गेले. कुठला राग म्हणून मी विचारलं. त्यांना आठवत नव्हतं. कधी कोमल रिषभ लागायचा, कधी शुद्ध. कुणी हुंदका दिला की ते तिथंच थांबायचे.

हे ऐकल्यापासून उत्स्फूर्त वादनाकडं बघण्याची माझी नजर बदलली. मैफलीत आलाप जागेवर सुचतो तेव्हा ती कलावंताची श्रीमंती असते. राग पाठ असतो, बंदिश हाताशी असते, आणि त्या घराच्या खोल्यांतून तो मोकळा फिरतो. बुवांच्या वादनात घरच उरलं नव्हतं. रचना माणसांच्या आधारानं उभी असते, माणसं गेली की रचनाही बसते, आणि मग जे वाजवायचं ते त्या त्या क्षणी शोधूनच वाजवावं लागतं. ही निवड नव्हती. दुसरं काही शक्य नव्हतं म्हणून ते असं वाजलं.

युरोपात याच्या जवळची एक हकिकत आहे. बेथोवेनच्या ओळखीची डोरोथेआ फोन एर्टमान ही उत्तम पियानो वाजवणारी बाई. तिचं मूल गेलं. बेथोवेनला आधी तिच्या घरी जाववेना. शेवटी त्यानं तिलाच आपल्याकडं बोलावलं, आपण आता सुरांतून बोलू अशा अर्थाचं काही म्हटलं आणि पियानोवर बसून बराच वेळ मनात येईल ते वाजवत राहिला. त्यातून आपल्याला सगळं मिळालं, धीरसुद्धा, असं तिनं पुढं १८३१ मध्ये मिलानला मेंडेल्सोनला सांगितलं आणि त्यानं ते पत्रात लिहिलं. ही हकिकत मला फार आवडते. पण तिथं एक वाजवणारा आणि एक ऐकणारी आहे. बेथोवेनचं स्वतःचं काही गेलेलं नव्हतं, तिचं दुःख ओळखून त्याला आकार देण्याइतका तो त्याच्या बाहेर होता. शेडमधल्या पेटीवाल्याला ती सोय नव्हती. समोरच्या प्रत्येकाचं दुःख वेगळं होतं आणि त्याचं स्वतःचंही त्यातच होतं. एका बाईशी बोलावं तसं सगळ्या गावाशी सुरांतून बोलता येत नाही. सगळ्यांसाठी एकच गोष्ट करता येते: प्रत्येकाला आपापलं माणूस आठवेल एवढी जागा सुरांच्या मध्ये ठेवता येते.

जपानच्या रियुइची साकामोतोंना २०११ च्या भूकंप-त्सुनामीत बुडालेला एक पियानो सापडला, मियागी प्रांतातल्या एका शेतकी शाळेचा. खाऱ्या पाण्यानं त्याच्या तारा सैल झालेल्या, काही पट्ट्या मुक्या. साकामोतोंनी तो दुरुस्त करून घेतला नाही. लाकूड आणि धातू महिनोन्‌महिने दाबून, वळवून माणूस पियानो घडवतो आणि मग त्यातून निघेल तोच सूर खरा मानतो. लाटेनं त्या लाकडाला त्याच्या मूळ स्वभावाकडं परत नेलं, असं ते म्हणत. त्या पियानोचे आवाज त्यांनी २०१७ च्या आपल्या ‘असिंक’ या संग्रहात वापरले. आणखी एक गोष्ट ते बोलत, ती माझ्या जास्त कामाची आहे. पियानोचा सूर विझतो याची त्यांना खंत होती, न विझणारा, टिकून राहणारा आवाज त्यांना हवा होता. वाचलं तेव्हा मला आमची देवळातली पेटी आठवली. तिच्याजवळ तो आवाज आहे. आणि तो मुळीच सुखाचा नसतो. न संपणाऱ्या सुराला भाता मारत राहावं लागतं, मनगट भरून येतं. दुःखात बसलेल्यांसाठी कुणीतरी एवढे कष्ट घेतंय हे दिसतंही. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तो हात पुढं-मागं होत असतो. मला वाटतं, निम्मा धीर त्यानंच येतो.

किल्लारीला बरोबर तीस वर्षं झाली त्या दिवशी, ३० सप्टेंबर २०२३ ला, नांदेडमध्ये दुसरी गोष्ट सुरू झाली. विष्णुपुरीच्या सरकारी रुग्णालयात त्या दिवशीपासून १ ऑक्टोबरपर्यंतच्या चोवीस तासांत २४ जण गेले. त्यांत १२ नवजात बाळं होती. पुढच्या दिवसात आणखी सात मृत्यू झाले. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, औषधं आणि मनुष्यबळ यांवरून प्रश्न विचारले गेले. ते प्रश्न विचारलेच पाहिजेत आणि त्यांची उत्तरं मिळेपर्यंत विचारत राहिले पाहिजेत. पण माझं मन त्या १२ बाळांपाशी अडलं होतं. आपल्याकडं ज्यांचं बारसं झालेलं नसतं त्यांचं तेरावंही होत नाही. इतक्या लहान जिवाला पुरतात, घरी येतात, आंघोळ करतात, संपलं. भजनाला कुणी बसत नाही. अभंगात गुंफायला नाव नाही, सांगायला आठवण नाही, ‘असा होता, तसा होता’ म्हणून रडायला त्या आईजवळ पुरेसे शब्दही नाहीत. दूरदूरच्या गावांतून आलेल्या त्या आया एकमेकींना ओळखतही नव्हत्या. एवढं मोठं दुःख आणि त्याला बसायला सतरंजीसुद्धा नाही.

त्या आठवड्यात एका रात्री मी घरी पेटी काढली. मारवा लावून बघितला. मारव्यात पंचम नाही आणि षड्जावर टेकायला तो फार उशीर लावतो, सारखा कोमल रिषभ आणि धैवताच्या अवतीभवती राहतो, त्यामुळं ऐकणाऱ्याला बसायला जागा मिळत नाही. मनाला ते जुळलं. पण ते माझ्यापुरतंच राहिलं. चार भिंतींत वाजवलेला शोक वाजवणाऱ्याला हलका करतो, ज्यांचं गेलं त्यांच्यापर्यंत तो पोचत नाही. सामूहिक दुःखाला समोर बसलेली माणसं लागतात, सतरंजी लागते, कुणीतरी पाण्याचा तांब्या फिरवावा लागतो. कोरोनाच्या दोन वर्षांत आपण हे सगळ्यांनी पाहिलं. मातीला चार माणसं, भजन नाही, तेरावं नाही. त्या वेळचे कित्येकांचे हुंदके अजून अडकलेले आहेत असं मला लोकांशी बोलताना सारखं वाटतं.

किल्लारीच्या स्मृतिस्तंभावर दर ३० सप्टेंबरला पुष्पचक्रं वाहिली जातात, मानवंदना होते, मान्यवर येतात. तिथं भाषणांच्या आधी त्याच भागातल्या एखाद्या पेटीवाल्याला बसवावं, त्याला वेळेची मर्यादा घालू नये आणि काय वाजवणार हे आधी विचारू नये, असं मला मनापासून वाटतं. असे वाजवणारे अजून आहेत. लातूर-नांदेडच्या संगीतवर्गांतून परीक्षांना बसणारी मुलं बोटांनी त्यांच्यापेक्षा कितीतरी तयार आहेत, ताना स्वच्छ, पलटे पाठ. त्यांना शिकवायचं राहतं ते एवढंच की समोरच्याचा श्वास कसा ऐकायचा, आणि हे परीक्षेच्या पेपरात येत नाही. मंडळातल्या म्हाताऱ्यांच्या शेजारी वर्षानुवर्षं मांडी घालून बसल्यावरच ते येतं.

बुवांनी मला ते एका वाक्यात सांगायचा प्रयत्न केला होता. मी विचारलं होतं, असं वाजवायला लागल्यावर थांबायचं केव्हा? ते म्हणाले, ‘कुणी म्हणायला लागलं की.’ शेडमध्ये किती तरी रात्री त्यांनी असं एकट्यानं वाजवलं, आणि एका रात्री तो पहाडी आवाजाचा माणूस म्हणायला लागला. आवाज फुटलेला, आणि त्यानं धरलेला सूर पेटीत नव्हताच, काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्ये कुठंतरी.

‘मग काय केलंत?’

‘काय करायचं? आपलं वाजवणं सोडायचं. त्याची पट्टी पेटीत नसंल तर नसू दे. नुसता खर्ज ठेवायचा, वारा कमी करायचा, आन् त्याला म्हणू द्यायचं. लेकरा, तिथं तू सूर दाखवायला गेलास की तो परत गप बसंल.’

दुसऱ्या चरणापर्यंत तो माणूस आपोआप चढून पांढरी दोनवर आला. बुवांनी तिथं त्याला गाठलं, वरचे सूर उघडले, भाता भरून मारला, आणि मागून दोघा-तिघांनी चरण उचललं.